नऊ चौकटी

संग्रामपूरच्या तहसील कचेरीमागे सहदेव अवचार यांचा टायपिंग क्लास होता. एकोणतीस वर्षं चालला. तालुक्यातल्या कितीतरी कारकुनांची, तलाठ्यांची, वकिलांच्या लेखनिकांची बोटं याच क्लासात कीबोर्डवर बसली. आधी टाइपरायटर होते, दहा मराठी आणि चार इंग्रजी. पुढे सहा कॉम्प्युटर आले. लॉकडाउनमध्ये दाराला कुलूप लागलं ते पुन्हा निघालं नाही. सरांनी टाइपरायटर भंगारात दिले, पाच कॉम्प्युटर एका शाळेला देऊन टाकले आणि सहावा घरी आणून पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की ते त्याच्यासमोर बसत. काम असं काही नसायचं. जुने विद्यार्थी कधी अर्ज टाइप करून घ्यायला येत, नाहीतर सर पेपर वाचत.

सर मुळातच कमी बोलणारे. क्लासात खटखटाट इतका असे की बोलण्याचा उपयोगही नसायचा. ते विद्यार्थ्याच्या मागे उभे राहून चुकलेल्या बोटावर पट्टी हलकेच टेकवत, बस. घरात सगळं बोलणं त्यांच्या बायकोचं, चांगुणाबाईंचं. सकाळी चहा टाकताना सुरू व्हायच्या. टँकर आला का, नळाचं पाणी आज जास्तच खारं लागते, पातुर्ड्याच्या मावसबहिणीची सून रुसून माहेरी गेली, तिचं काय झालं असंन. दर वाक्याआधी "अहो, आयकलं का?" आणि दर गोष्टीच्या मध्ये चार वेळा "मंग". सर "हं" म्हणत. शेजारच्या कलाबाई एकदा हसून म्हणाल्या होत्या, "काय वं चांगुणे, भिताडाशी बोलतं का दिवसभर?" तर चांगुणाबाई म्हणाल्या, "भिताड हं तरी म्हनते का?"

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, दहाच्या सुमारास, चांगुणाबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कलाबाईंच्या नातवाचं लग्न जुळलं होतं त्याची गोष्ट चालू होती. सर खुर्चीत पेपर वाचत होते. "मंग पोरीचा मामा म्हने..." इथपर्यंत सरांना आठवतं. त्यांनी "हं" म्हटलं. पुढे काही ऐकू आलं नाही तरी सवयीने आणखी एकदा "हं" म्हटलं. पान उलटलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात आवाजच नाही. वळून पाहिलं तर चांगुणाबाई भिंतीला टेकून तिरक्या झाल्या होत्या आणि मांडीवरचे तुरीचे सोले फरशीवर सांडले होते.

अकोल्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटत का होईना चालू लागला. बोलणं मात्र गेलं. एक शब्द तेवढा राहिला. नर्सने नाव विचारलं तर चांगुणाबाई म्हणाल्या, "मंग." दुखतं का विचारलं तर, "मंग." मुलगी मयुरी पुण्याहून आली होती. तिने आईचा हात हातात घेतला तर त्या तिच्या तोंडाकडे बघत तेच तेच म्हणत राहिल्या आणि मग स्वतःच तोंडावर पदर घेऊन रडल्या.

वाचा उपचार करणाऱ्या मॅडमनी सरांना बाहेर बोलावून समजावलं. "त्यांना तुमचं सगळं कळतं, सर. शब्द हरवलेले नाहीत, तोंडाशी यायचा रस्ता बंद झालाय. थोडंफार परत येईल, नाहीही येणार. तोवर त्यांना बोट दाखवून बोलता येईल असं काहीतरी घरी करा." त्यांनी एक कार्डही दिलं. त्यावर आठ चित्रं होती: पाणी, जेवण, चहा, संडास, औषध, पंखा, दुखतंय, झोप.

मयुरी तीन आठवडे राहिली आणि नोकरीवर परत गेली. ती पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. जाण्याआधी तिने सरांच्या मोबाइलवर एक अॅप टाकून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की आवाज यायचा, "मला पाणी हवे आहे." स्टेशनवर गाडीची सूचना देतात तसा आवाज. चांगुणाबाईंचं डावं बोट छोट्या चित्रांवर नीट पडत नसे. पाणी म्हणायला जावं तर पंखा उठायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी मोबाइल सरांच्या अंगावर टाकला. मॅडमचं कार्ड तर त्यांनी पहिल्याच दिवशी खाटेखाली सरकवून दिलं होतं. पाणी हवं असलं तर त्या तांब्याकडे बघत. त्यासाठी कार्ड कशाला?

एका सकाळी सर कॉम्प्युटरसमोर बसले असताना त्यांची नजर कीबोर्डच्या आकड्यांच्या भागावर पडली. सातपासून तीनपर्यंत, तीन ओळींत नऊ चौकोनी कळा. टणक, खोल जाणाऱ्या, दाबल्या की बोटाला कळणाऱ्या. स्क्रीनवर तशाच नऊ मोठ्या चौकटी काढायच्या. चौकटीत शब्द, कळ दाबली की आवाज. कीबोर्ड डाव्या हाताशी ठेवायचा. असा प्रोग्राम आपल्याला लिहिता येईल, असं त्यांना वाटलं. क्लासात मुलांचा वेग मोजायला त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः एक प्रोग्राम केला होता. तो शेवटच्या दिवसापर्यंत चालला होता. आयुष्यात अभिमान वाटावा अशी ती त्यांची एक गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं.

आता तो कशात लिहायचा, हा प्रश्न आला.

सरांनी एक लांब वही काढली. उभ्या रेघा मारून रकाने केले: मराठी नीट दिसते का, आवाज वाजतो का, जुन्या मशीनवर चालते का, नेट नसताना चालते का, शिकायला किती दिवस. मशीन तशी जुनी, दोन जीबीची, तिच्यात विंडोज सेव्हन. आडव्या ओळीत ते प्रोग्राम लिहायच्या एकेका टूलचं नाव लिहीत गेले.

पहिलं नाव त्यांच्या जुन्या व्हीबीचं, म्हणजे व्हिज्युअल बेसिकचं; क्लासातला प्रोग्राम त्यांनी त्यातच लिहिला होता. सीडी कपाटात होतीच. घालून पाहिली, सगळं हाताखालचं, ओळखीचं. पण चौकटीत 'पाणी' लिहिलं तर स्क्रीनवर चार प्रश्नचिन्हं उमटली. आजच्या पद्धतीचं मराठी त्याला माहीतच नव्हतं. जुना फॉन्ट वापरून जमवता आलं असतं, पण सरांनी त्या रकान्यात फुली मारली. मग त्याचंच नवं, मोठं रूप पाहिलं. ते इन्स्टॉल करायलाच या मशीनमध्ये जागा पुरेना. मग पायथन, हल्लीची एक प्रोग्रामची भाषा. त्याची या विंडोजवर चालणारी जुनी आवृत्ती शोधून उतरवायला दोन दिवस गेले, कारण मोबाइलचं नेट दुपारी चार थेंबांसारखं यायचं. पायथन त्यांना आवडलं. त्यात ओळीची सुरुवात किती जागा सोडून करायची याला महत्त्व होतं, आणि टायपिंगच्या मास्तरला ही गोष्ट पटली. स्क्रीनवरच्या एका खिडकीत त्यांनी एक चौकट काढली, तीत 'चांगुणा' असं लिहिलं. नीट दिसलं. पण शोधाशोध करताना त्यांना लाझारस नावाचं आणखी एक सापडलं. ते पास्कल या जुन्या भाषेवर चालणारं. अकोल्याला डिप्लोमा करताना सर पास्कलच शिकले होते. मग त्याचीही एक ओळ वहीत वाढली.

असं करता करता फेब्रुवारी गेला, मार्च गेला. वहीची अकरा पानं भरली. गावात याबद्दल बोलावं असा माणूस नव्हता. सेतू केंद्र चालवणारा त्यांचा जुना विद्यार्थी ऐकून म्हणाला, "सर, कशाले येवढा कुटाणा? मोबाइलवर सगळं भेटते." सर परत आले. सकाळी भाकरी-भाजी करायची, बायकोला अंघोळ घालायची, औषध द्यायचं आणि खिडकीपाशी जाऊन बसायचं. चांगुणाबाईंची खाट त्यांच्या पाठीमागे होती. त्या मधूनच म्हणायच्या, "मंग?" आणि सर स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणायचे, "हं. करून राह्यलो."

रविवारी मयुरीचा फोन यायचा.

"बाबा, हे सगळं ब्राउझरमध्ये एका दिवसात होईल. मी करून देऊ का?"

"नेट राहत नाई ना इथं, बेटा. अन् दुपारी तं टॉवरच भेटत नाई."

"मग पायथनमध्ये करा. तुम्हाला जमलंय ना थोडं?"

"जमलं. पण त्यात मशीनवर आधी पायथनच टाकावं लागते. लाझारसमध्ये एकच फाइल बनते. पेन ड्राइव्हवर घेतली की कोनत्याही कॉम्प्युटरवर चालते. फक्त त्याचा आवाजाचा भाग पाहायचा राह्यला."

मयुरी म्हणाली, "बाबा, टूल कोणतं का असेना. आईला काय काय बोलायचं असेल ते लिहून काढलं का तुम्ही?"

"काढू ना. आधी टूल तं ठरू दे."

फोन ठेवल्यावर सर वही उघडून बसले, पण त्या दिवशी त्यांनी त्यात काही लिहिलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लाझारस पक्कं केलं. कारणं सरळ होती: मराठी नीट दिसत होतं, आवाज वाजत होता, मशीन दमत नव्हती, आणि ती भाषा बोटांना आठवत होती. पुढचं काम चार दिवसांत झालं. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. अडीच महिने निवडण्यात गेले आणि लिहायला चार दिवस. मशीन सुरू केली की आपोआप नऊ चौकटी उघडायच्या. आकड्यांशेजारची अधिकच्या चिन्हाची मोठी कळ दाबली की पुढचं पान, पुन्हा नऊ चौकटी. कळांवर त्यांनी चांगुणाबाईंच्या डबीतल्या टिकल्या चिकटवल्या, वरच्या ओळीला लाल, मधल्या ओळीला हिरव्या, खालच्या ओळीला काळ्या, म्हणजे बोटाला ओळ शोधावी लागू नये.

पाचव्या दिवशी सकाळी ते नऊ रिकाम्या चौकटींसमोर बसले. आता फक्त शब्द भरायचे होते. त्यांनी पहिल्या चौकटीत 'पाणी' लिहिलं, दुसरीत 'चहा', तिसरीत 'औषध'. चौथीपाशी हात थांबला. मॅडमच्या कार्डावरचीच यादी आपण उतरवतो आहोत, हे त्यांना दिसत होतं. चांगुणा काय बोलायची? तीस वर्षं ती या घरात अखंड बोलत होती. त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तिचा आवाज आठवत होता, चढउतार आठवत होते, बांगड्या आठवत होत्या. वाक्यं मात्र आठवेनात. "अहो, आयकलं का" आठवायचं आणि त्यापुढे सगळं पाटाच्या पाण्यासारखं एकसारखं वाहत जायचं, हाताला काही लागायचं नाही.

तरी त्यांनी नऊ चौकटी भरल्या. स्वतःच्याच आवाजात शब्द रेकॉर्ड केले. चांगुणाबाईंना धरून आणून खुर्चीवर बसवलं, डावा हात कळांवर ठेवला. त्यांनी एक कळ दाबली. कॉम्प्युटरमधून सरांचा आवाज आला, "पाणी पाहिजे." चांगुणाबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. हात उचलून मांडीवर ठेवला आणि पुन्हा काही दाबलं नाही.

त्या दिवशी चारच्या सुमारास सर कलाबाईंच्या ओट्यावर गेले. तीस वर्षांत ते या ओट्यावर कधी बसले नव्हते. कलाबाई अंबाडी निवडत होत्या. त्यांनी घाईने पाट पुढे केला.

"काय झालं सहदेवभाऊ? चांगुणा बरी हाये ना?"

"बरी हाये. एक विचारायचं होतं." सर पाटावर टेकले. "ते... चांगुणा काय बोलायची?"

"म्हंजे?"

"तुमच्याशी बसायची ना रोज. काय बोलायची? मले लिहून घ्यायचं हाये."

कलाबाईंचा हात थांबला. "तुमी तं घरीच असायचे ना, भाऊ," त्या म्हणाल्या. टोचून नाही, साधंच. पण सरांनी मान खाली घातली.

कलाबाईंनी अंबाडीचं सूप बाजूला सरकवलं. "तिचं बोलनं म्हंजे पुसनं. तिले माहीत करून घ्यायची लय हौस. आली की पहिले पुसे, आज काय भाजी केली? मंग पुसे, कोन आलं होतं वं सकाळी, गाडी वाजली ती कोनाची? कोनी काई सांगतलं की म्हने, बाप्पा! खरंच? मंग काय झालं मंग? अन् सांगनारा थांबला की म्हने, सांग ना वं, बीचमंदी काऊन थांबली. कोनाचं वाईट आयकलं की म्हने, जाऊ दे बाई, ज्याचं त्याले. सोताले काय पाहिजे हे तं मी तिच्या तोंडून कधी आयकलंच नाई."

सर खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेत होते. शेवटचं वाक्य त्यांनी लिहिलं नाही.

"तुमच्याबद्दलबी पुसे," कलाबाई म्हणाल्या. "मले म्हने, यायच्या मनात काय चालू असते काय मालूम. दिवसभर बसते, काई सांगत नाई. तुले काई बोलले का वं कधी?"

दुसऱ्या दिवशी कलाबाई अवचारांच्या घरी आल्या, कॉम्प्युटरसमोर अवघडून बसल्या आणि सरांनी पुढे केलेल्या माइकात त्यांनी ती वाक्यं म्हटली. पहिल्यांदा शाळेत कविता म्हणतात तशी म्हटली. सर म्हणाले, "तशी नाई, ती म्हनायची तशी." मग कलाबाईंनी खाटेवरच्या चांगुणाबाईंकडे बघून म्हटलं, "आज काय भाजी केली?" ते बरोबर आलं.

पाणी, चहा, औषध सगळं सरांनी शेवटच्या पानावर टाकलं. पहिल्या पानावर नऊच्या नऊ चौकटी प्रश्नांच्या आणि उद्गारांच्या केल्या. दुसऱ्या पानावर 'पोट्टीचा फोन आला का', 'टँकर आला का', 'तुमी जेवले का', 'जाऊ द्या, काई नाई' अशी वाक्यं टाकली. असं करत पाच पानं झाली.

सकाळी साडेदहाला चांगुणाबाईंना खुर्चीवर बसवलं. सर स्वयंपाकघरात भाजी परतत होते. मागून आवाज आला, "आज काय भाजी केली?" सरांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. आवाज कलाबाईंचा होता, पण विचारणं चांगुणाचं होतं.

"वांग्याची," ते म्हणाले.

थोडं थांबून पुन्हा आवाज आला. "मंग काय झालं मंग?"

आता वांग्याच्या भाजीत काय होणार? पण ते बाहेर आले, दारात उभे राहिले आणि सांगू लागले. वांगी बाजारातून आणली, दोन किडकी निघाली, भाजीवाली बाई पातुर्ड्याची होती, तिने चांगुणाची विचारपूस केली. "बाप्पा! खरंच?" कळ दाबली गेली. चांगुणाबाई हसत होत्या. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं तरी हसत होत्या.

तेव्हापासून सरांना बोलावं लागू लागलं. कॉम्प्युटर विचारायचा आणि सरांकडे सांगायला काही नसायचं. मग ते बाजारातून येताना मुद्दाम थांबून माणसांशी बोलू लागले, कोणाच्या केळीला काय भाव आला, कोणाचा बैल विकला गेला, तहसीलदार बदलून कुठले आले, सगळं घरी आणून सांगू लागले. सांगताना अडखळत. मध्येच थांबले की कळ दाबली जायची: "सांग ना वं, बीचमंदी काऊन थांबली?" कलाबाईंनी ते बाईला म्हणतात तसं म्हटलं होतं, पण ते बदलावं असं सरांना वाटलं नाही. एकदा त्यांनी स्वतःच्या क्लासातल्या त्या जुन्या प्रोग्रामची गोष्ट सांगितली, कसा लिहिला, कुठे अडला, मुलांचा वेग पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा काय वाटलं. बराच वेळ सांगत होते. चांगुणाबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी वेगळंच झालं. चांगुणाबाईंनी पहिलं पान पाहिलं, अधिकची कळ दाबली, दुसरं पान पाहिलं, तिसरं, चौथं, पाचवं, आणि पुन्हा पहिलं. बोट कळांवरून फिरत होतं, दाबत नव्हतं. पाचही पानं त्यांनी तीन-चारदा उलटली. मग सरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "मंग. मंग. मंग." जोर देऊन, एकेक सुटा.

"काय पाहिजे? चौकटीत नाई का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

सर विचारत गेले. मयुरीचं काही? नाही. माहेरचं? नाही. दुखते? नाही, आणि रागाने नाही. घरातलं काही? मान अर्धवट हलली, हो की नाही कळेना. माझं काही? चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "माझं?" सरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा मान अर्धीच हलली. सरांनी मुळाक्षरांचा तक्ता आणला. चांगुणाबाई चौथी शिकलेल्या होत्या, पण अक्षरांवरून त्यांची नजर घसरत होती, बोट 'क'वरून 'म'वर, तिथून कुठेच नाही. कलाबाईंना बोलावलं. त्यांनी शंभर गोष्टी विचारून पाहिल्या. मयुरीला व्हिडिओवर घेतलं. तिनेही विचारलं. दोन तास गेले. शेवटी चांगुणाबाई थकल्या. त्यांनी अधिकची कळ दाबून दुसरं पान आणलं आणि खालच्या ओळीतली काळी टिकली दाबली.

"जाऊ द्या, काई नाई."

पुन्हा दाबली. आणि आणखी एकदा.

त्यानंतर सरांनी प्रोग्राममध्ये बावीस नव्या चौकटी वाढवल्या. सुचेल ते वाक्य टाकत गेले. चांगुणाबाई नवं पान बघायच्या आणि पुढे जायच्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते कोणाला कळलं नाही. आठवड्याभराने त्यांनी पुन्हा भाजी विचारायला सुरुवात केली, आणि सरांनी सांगायला.

माघात चांगुणाबाईंना दुसरा झटका आला. या वेळी अकोल्यापर्यंत पोहोचता आलं नाही, शेगावच्या अलीकडेच सगळं संपलं. दिवसकार्य झाल्यावर मयुरी वडिलांना पुण्याला घेऊन गेली. तिथे नवव्या मजल्यावर तीन आठवडे ते गॅलरीत बसून राहिले. मयुरी कामावरून आली की विचारायची, "बाबा, आज काय केलं?" सर सांगायचे. सांगण्याची सवय झाली होती, पण तिचा फोन मध्येच वाजायचा. चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, "मी जातो बेटा आता," आणि शेगावपर्यंत रेल्वेने, तिथून बसने घरी आले.

घरी कॉम्प्युटर सुरू केला की नऊ चौकटी आपोआप उघडायच्या. ते काही दाबत नसत. कामापुरत्या त्या बंद करत, पण आपोआप उघडणं काढून टाकायला हात धजला नाही.

एप्रिलमध्ये अकोल्याच्या वाचा उपचाराच्या मॅडमचा फोन आला. त्यांना मयुरीकडून प्रोग्रामबद्दल कळलं होतं. "सर, आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी जुना कॉम्प्युटर पडून असतो. तुमचा प्रोग्राम देता का?"

सरांनी दोन दिवस मागितले. पहिल्या दिवशी त्यांनी प्रोग्रामची दुसरी प्रत केली आणि तिच्यातून कलाबाईंचा आवाज, सगळी वाक्यं, बावीस वाढीव चौकटी एकेक करून पुसल्या. नऊ रिकाम्या चौकटींचं एकच पान ठेवलं आणि त्यात शब्द भरायला, आवाज घ्यायला सोपं बटण दिलं. दुसऱ्या दिवशी एक कागद टाइप केला. मशीन कशी हवी, फाइल कुठे ठेवायची हे वरच्या दोन ओळींत आटोपलं. खाली घरच्यांसाठी प्रश्न होते. सकाळी उठल्यावर त्या माणसाचं पहिलं वाक्य काय असायचं? तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायचे? कोणाची चौकशी करायचे? गोष्ट ऐकताना मध्ये काय म्हणायचे? रागावले की काय, आणि राग गेल्यावर काय? शेवटी लिहिलं होतं: आठवत नसेल तर शेजारी विचारा. त्यात लाज बाळगू नका.

पेन ड्राइव्ह आणि कागद घेऊन ते सकाळच्या बसने निघाले, शेगावला गाडी बदलली, दुपारी अकोल्यात मॅडमच्या हातात दोन्ही दिलं. मॅडमनी कागद उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी त्याची घडी घालून टेबलाच्या खणात ठेवली आणि सरांसाठी चहा मागवला.

महिन्याभराने त्यांचा पुन्हा फोन आला. बाळापूरकडचे एक वाचा गेलेले शेतकरी होते, त्यांच्या सुनेने आणि भावाने मिळून सात चौकटी भरल्या होत्या.

"दोन उरल्यात, सर. त्यांना काही आठवत नाहीये. मी पाणी आणि औषध टाकून देऊ का?"

सरांनी स्क्रीनवर आपोआप उघडलेल्या नऊ चौकटींकडे पाहिलं.

"राहू द्या रिकाम्या," ते म्हणाले. "घरच्याइले अजून शेजारीपाजारी पुसू द्या."

फोन ठेवून ते खिडकीपाशी बसून राहिले. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता आणि कचेरीकडे जाणारं कोणी नव्हतं.